वर विचारून सांगते

४ जून

आत्या,

साष्टांग नमस्कार घालायचा तर जमिनीवर जागा हवी. माझ्या टेबलाच्या चारी बाजूंना चादरींचे गठ्ठे आहेत, म्हणून उभ्याउभ्याच करते, गोड मानून घे. फोन केला असता. पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तू मला ओरडून सांगतेस. मग माझ्या कानात दिवसभर घंटा वाजते. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी, की मला सुपरवायझर केलं. तुझ्याच लाँड्रीत, तुझ्याच खुर्चीवर. खुर्ची खरंच तीच आहे, डावा हात तुटलेली. निळा कोटही मिळाला. पहिल्या दिवशी तो घालून मी घरभर मिरवले, तर तुझे जावई म्हणाले, "घरात मात्र साधे कपडे घाल, मला उगीच हजेरी द्यावीशी वाटते."

हसून घेतलं ते तेवढंच. आत्या, नऊ वर्षं मी कोपऱ्यातल्या मशीनवर फाटक्या चादरी शिवल्या. दिवसभरात मला कोणी काही विचारलंच तर, चहा घेणार का? आता छत्तीस माणसं माझ्या हाताखाली आहेत आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: "ताई, जरा एक मिनिट." काल मी पेन्सिलने मनगटावर रेघा मारल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकशे चौदा एक मिनिटं झाली. ताई, आधी दवाखान्याचं लावू की हॉटेलचं? ताई, हा डाग शाईचा की औषधाचा? ताई, ती खिडकी उघडते, मी लावते, ती परत उघडते. एकाने तर विचारलं, "ताई, आज पाऊस येईल का?" आणि मी खरंच बाहेर जाऊन आभाळ बघून आले.

सांगत बसण्यापेक्षा करून टाकलेलं बरं, आपला हात जगन्नाथ, म्हणून घड्याही मीच घालते आणि ट्रॉलीही मीच ढकलते. परवा मी ड्रायरमध्ये ओले टॉवेल भरत होते आणि ड्रायर चालवणारे आमचे ड्रायरदादा माझं पेन अदबीने हातात धरून बाजूला उभे होते. सगळीकडे मीच असल्यामुळे जिथे असायला हवं तिथे नेमकी नसते. गुरुवारी हॉटेलच्या पाहुण्यांना आंघोळीच्या झग्यांऐवजी दवाखान्याचे झगे गेले, मागून नाड्या बांधायचे. एक गृहस्थ ते घालून नाश्त्याला आले म्हणे.

मॅनेजरसाहेब ओरडले नाहीत. ते कधीच काही बोलत नाहीत. दारावर 'मीटिंग चालू आहे' अशी पाटी लावून आत एकटेच बसतात. पण कागद त्यांनी दिलाय: ३१ ऑगस्टपर्यंत जमलं तर कायम, नाही जमलं तर घरी. शिवणाच्या मशीनवर दुसरी बाई बसलीसुद्धा. म्हणजे मागे फिरायची वाट बंद.

तू बावीस वर्षं ही खुर्ची सांभाळलीस, वेळेवर घरी यायचीस आणि आमच्याशी पत्ते खेळायचीस. कशी ग? खरं सांग.

तुझी,
भिंगरी


११ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद. आत्याच्या खुर्चीत भाची बसली, आत्या धन्य झाली. आता रडणं बंद.

तुला लहानपणी भिंगरी म्हणायला लागलो ते तू फिरायचीस म्हणून. सुपरवायझरने फिरायचं नसतं, लोकांना फिरवायचं असतं. एकशे चौदा प्रश्नांची उत्तरं तू दिलीस ना? मग उद्या दोनशे येतील. गुळाला मुंगळे आपोआप लागतात.

माझी युक्ती मी आजवर कोणालाही सांगितली नाही. तू माझ्या भावाची लेक आहेस आणि मला आता कोणी नोकरीवरून काढू शकत नाही, म्हणून सांगते.

मी वरचे साहेब ठेवले होते.

म्हणजे तसे कोणी नव्हते. कोणी काही विचारायला आलं की मी गंभीर चेहरा करायचे आणि म्हणायचे, "हे माझ्या हातात नाही. वर विचारून सांगते." मग मागच्या साठ्याच्या खोलीत जायचे. दार लोटून घ्यायचं. डावीकडच्या फळीवर, साबणाच्या खोक्यामागे माझा पत्र्याचा डबा असायचा. दोन बिस्किटं खायची, शंभर आकडे मोजायचे, बाहेर यायचं. आणि काय सांगायचं, ते नीट वाच: "वरून विचारतात, तुमचं मत काय?"

समोरच्याला चाळीस वर्षांत कोणी मत विचारलेलं नसतं. तो आधी गडबडतो, मग सांगतो. दहात नऊ वेळा ते बरोबरच असतं, कारण डाग त्याच्या हातात असतो, तुझ्या नाही. मग परत आत जायचं, आणखी एक बिस्किट, आणि बाहेर येऊन सांगायचं, "मंजूर." महिनाभरात लोक मत ठरवूनच येतात. दोन महिन्यांत येतच नाहीत. साहेबांचा मान वाढतो, तुझा वेळ वाचतो.

मात्र साहेबांना नाव द्यायचं नाही, चेहरा द्यायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी बावीस वर्षांत त्यांच्याबद्दल एक शब्द जास्त बोलले नाही. कोणाला पुसटशी शंकाही आली नाही.

डबा अजून तिथेच असेल तर बघ. फार बरकतीचा होता, कधी रिकामा झाला नाही. मी साधी बिस्किटं आणायचे, तरी मधूनच साखरेची निघायची. दुकानदार पुडे बदलत असणार, बावळट होता.

माझ्या वेळचं कोणी आहे का ग तिथे? सहज विचारलं.

आत्या


२१ जून

आत्या,

तुला ओवाळायला हवं. पण आधी एक कबुली देते. माझ्या तोंडून 'वरचे साहेब'ऐवजी 'वरच्या मॅडम' निघून गेलं. आता त्या मॅडमच आहेत.

डबा सापडला! साबणाच्या खोक्यामागेच होता, झाकणावर धूळ आणि आत एक मेलेलं झुरळ. धुऊन पुसून मी त्यात बिस्किटांचा एक पुडा ठेवला.

पहिले गिऱ्हाईक ड्रायरदादा. सहा फूट उंच माणूस, आवाज भोंग्यासारखा, पण बटण दाबायच्या आधी मला हाक मारणार. म्हणाले, "ताई, जरा एक मिनिट. जाड टॉवेल आधी की चादरी?" मी चेहरा गंभीर केला. (आरशात सराव केला होता. तुझ्या जावयांना वाटलं माझी दाढ दुखतेय.) आत गेले, शंभर मोजले, बाहेर आले. "वरच्या मॅडम विचारतात, तुमचं मत काय?"

आत्या, त्या माणसाने आधी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कोणाला विचारलं की काय म्हणून. मग म्हणाला, "माझं मत? टॉवेल आधी. मशीन तापलेलं असताना टॉवेल, उतरताना चादरी, म्हणजे चादरी कडक होत नाहीत. मी अकरा वर्षं हेच मनात म्हणतोय." मंजूर! त्या दिवसापासून चादरी अशा मऊ येताहेत, की हॉटेलवाल्यांनी विचारलं साबण बदलला का.

खिडकीचं भांडणही मिटलं. दोघींना मत विचारलं, दोघींची मतं उलटी निघाली, आणि 'वरून' निरोप आला की दोघींनी मिळून एक मत पाठवावं. दोघी ट्रॉलीमागे बसून भांडल्या आणि शेवटी जागा बदलून आल्या. मला कोणाला काही म्हणावं लागलं नाही.

काल फक्त एकवीस रेघा झाल्या. वेळेवर घरी आले. दारात मला बघून घरातल्यांनी विचारलं, काढून टाकलं का?

तुझ्या वेळच्या एकच उरल्यात, अभ्रेकाकू. तेहतीस वर्षं उशांचे अभ्रे करताहेत, दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. तुझी आठवण काढू का त्यांच्याजवळ?

भिंगरी

ता. क. डबा खरंच बरकतीचा आहे. एक पुडा आठवडाभर पुरला आणि अजून अर्धा आहे. मी कमी खात असेन.


२७ जून

चि. भिंगरी,

शाब्बास. पण मॅडम करून तू चूक केलीस. साहेब म्हटलं की लोक घाबरून गप्प बसतात, मॅडम म्हटलं की चौकशा सुरू होतात: लग्न झालंय का, मुलं किती. एक शब्दही जास्त बोलू नकोस. तुला लहानपणापासून गोष्टी रंगवायची खोड आहे.

अभ्री अजून आहे तर. तिच्याजवळ माझी आठवण वगैरे काढू नकोस. मी निघाल्यानंतर अकरा वर्षांत तिथल्या कोणाची एक ओळ आली नाही. आपणही लाचारी करू नये.

गुडघा बरा आहे. सूनबाई जिना चढू देत नाही, म्हणून खालीच असते.

आत्या


१२ जुलै

आत्या,

तुझं पत्र एक आठवडा उशिरा पोचलं. रंगवायचं ते मी रंगवून बसले होते.

झालं असं, की घड्या घालणाऱ्या मुलींनी विचारलं, मॅडम कधी खाली का येत नाहीत? मी म्हटलं, त्यांचा गुडघा दुखतो. (तुझाच डोक्यात होता.) दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तेलाची बाटली: 'मॅडमच्या गुडघ्यासाठी'. मग कोणीतरी विचारलं, त्या कडक आहेत का? मी म्हटलं, बोलायला कडक, पण मनाने मऊ, आणि एकट्या असतात. का म्हटलं, देव जाणे. त्यावर अभ्रेकाकूंनी त्यांच्यासाठी कडेला वेलबुट्टी काढलेला अभ्रा शिवला. तुझ्या खोलीत आता मॅडमच्या नावाने तेल, अभ्रा, पायाखाली घ्यायचा पाट आणि 'मॅडम, आमच्या ताईंना ओरडू नका' अशी चिठ्ठी आहे. ती चिठ्ठी वाचून मी बिस्किटाशिवाय दोनशे मोजले.

इथपर्यंत ठीक होतं. परवा मॅनेजरसाहेब पाटी उलटी करून चक्क बाहेर आले. नव्या हॉटेलला त्यांनी एका दिवसात सहाशे जादा चादरी कबूल केल्या होत्या. माझ्याकडे न येता थेट ड्रायरदादांना म्हणाले, उद्यापर्यंत झाल्या पाहिजेत. आणि माझे ड्रायरदादा, महिन्याभरापूर्वी बटण दाबायला घाबरणारे, हाताची घडी घालून म्हणाले, "माझं मत विचाराल तर होणार नाही, साहेब. आणि वरच्या मॅडमही हेच म्हणतील."

साहेब पांढरेफटक. "कोणत्या वरच्या मॅडम?"

छत्तीस माणसं एका सुरात म्हणाली, "वरच्या!"

त्यांची समजूत झाली की मालकांनी त्यांच्या नकळत त्यांच्या डोक्यावर कोणीतरी बाई आणून बसवलीय. त्या दिवसापासून ते केस विंचरून येतात, खोली पुसून घेतात. काल मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्या... पाहणीला कधी येणार?" आणि आत्या, माझ्या तोंडून निघालं, "ऑगस्टच्या शेवटी."

३१ ऑगस्टला माझा कागद आहे. खोटं उघडं पडलं तर कायम करणं राहिलंच, त्याच दिवशी कोट काढून घेतील. इकडे आड तिकडे विहीर. तुझ्या साहेबांचं शेवटी काय झालं होतं? त्यांना कसं मिटवलंस, तेवढंच सांग.

भिंगरी


१९ जुलै

भिंगरी,

पत्र वाचून मी इतकी हसले, की सूनबाई पाणी घेऊन आली. मग मला घामही फुटला, तो तिला दिसू दिला नाही.

मॅडमना मारू नकोस. मारलंस तर शोकसभा घ्यावी लागेल आणि फोटो कुठून आणणार? आजारी पाडू नकोस, छत्तीसच्या छत्तीस भेटायला निघतील. बदली कर. लांब कर. निरोप असा सांग, की मॅडमना तातडीने जावं लागलं, पाहणी रद्द. दोन दिवस लोक हळहळतील, मग विसरतील. लोक विसरतातच.

मॅनेजरला घाबरू नकोस. बंद दारामागे एकटा बसणारा माणूस स्वतःच कशाला तरी घाबरलेला असतो. हे मला ठाऊक आहे.

माझ्या साहेबांचं काय झालं, ते विचारू नकोस. मी निवृत्त झाले, तेही झाले.

आत्या


९ ऑगस्ट

आत्या,

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तुझं ऐकून केली बदली. सोमवारी सगळ्यांना उभं करून सांगितलं, मॅडमना लांब जावं लागलं.

त्यांना निरोप समारंभ करायचाय! फुलं ठरली. भाषण मॅनेजरसाहेब करणार, ते तर आनंदाने तयारीला लागलेत, इतका हलका माणूस मी कधी पाहिला नाही. मी म्हटलं, मॅडम गेल्यासुद्धा. तर सगळे म्हणाले, इतक्या मोठ्या अधिकारी, निरोप न घेता कशा जातील? महिन्याच्या शेवटच्या दिवशी बोलवा, ३१ ला.

आणि तू खोटं का बोलतेस माझ्याशी? "विचारू नकोस" म्हणजे काय? मी हसतेय असं तुला वाटत असेल, पण आजकाल मी शंभर मोजायला आत जाते आणि बाहेर यायला पाय उचलत नाही. हे सगळे माझ्यावर नाही, मॅडमवर विश्वास ठेवतात. त्या गेल्या की उरते ती मीच, पाऊस येईल का ते बघायला जाणारी. मी राजीनामा लिहून कोटाच्या खिशात ठेवलाय. पकडलं जाण्याआधी आपणच गेलेलं बरं.

भिंगरी


१४ ऑगस्ट

भिंगरी,

राजीनामा देऊ नकोस. माझं ऐकायचं नसेल तर नको ऐकूस, पण हे पूर्ण वाच.

मी तुला साहेबांची गोष्ट शहाणपणाची म्हणून सांगितली. ती भित्रेपणाची होती. खुर्ची मिळाली तेव्हा मला काहीच येत नव्हतं. कोणी काही विचारलं की उत्तर येत नाही हे दिसू नये म्हणून मी त्या खोलीत पळायचे. पहिलं वर्षभर मी आत जाऊन बिस्किटं कमी खाल्ली आणि रडले जास्त. "तुमचं मत काय" हेही काही युक्ती म्हणून सुचलं नव्हतं. मला खरोखरच माहीत नसायचं, म्हणून विचारायचे.

शेवटी काय झालं ते ऐक. निवृत्तीच्या वेळी सगळ्यांनी हट्ट धरला, की भाषणाला वरच्या साहेबांनाच बोलवा. माझा जीव टांगणीला लागला. मी ताप आल्याचं सांगितलं आणि गेलेच नाही. बावीस वर्षं काढली आणि शेवटच्या दिवशी कोणाचा निरोप घेतला नाही. कोट शेजारणीबरोबर पाठवून दिला. म्हणून कोणाचं पत्र आलं नाही. बरोबरच आहे त्यांचं.

तू माझ्यासारखी पळू नकोस. अभ्रीला खरं काय ते सांग. ओरडेल, पण ती मनाची स्वच्छ आहे.

आत्या


१ सप्टेंबर

आत्या,

खाली बसली आहेस ना? उभी असशील तर बस. सूनबाईंना पाणी आणून ठेवायला सांग.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी खोलीत बसून ते दोनदा वाचलं. राजीनामा एका हातात, पत्र दुसऱ्या हातात. तेवढ्यात दार उघडून अभ्रेकाकू आत आल्या. त्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. मला बघून त्या चोरी पकडल्यासारख्या थांबल्या, आणि मीही तशीच.

मी म्हटलं, "काकू, वरच्या मॅडम..."

"नाहीत," काकू म्हणाल्या. "माहितीये. सरक जरा, डबा घेऊ दे."

आणि त्यांनी शांतपणे डबा काढून भरला. साखरेची बिस्किटं, आत्या.

सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी पहिल्यांदा आत गेले, पत्र्याचं झाकण वाजलं आणि काकूंनी हातातला अभ्रा खाली ठेवला. अकरा वर्षांनी तो आवाज ऐकला म्हणाल्या. मी आत शंभर मोजत असताना त्यांनी बाहेर सगळ्यांना सांगितलं, "आत्याची भाची आहे. ती वर विचारायला गेली की गप्प राहायचं, हसायचं नाही. तिला दम खाऊ द्यायचा, तोवर आपलं आपण ठरवायचं. आणि डबा रिकामा ठेवायचा नाही." पाळी लावलीय त्यांनी. दर सोमवारी एकाची.

तुझ्या वेळीही तसंच होतं. पहिल्याच महिन्यात तू बाहेर आलीस तेव्हा तुझे डोळे लाल होते आणि कोटावर बिस्किटाचा चुरा होता. "साहेबांकडे काय रडायला बिस्किटं देतात होय?" असं कोणीतरी म्हटलं, आणि काकूंनी दुसऱ्या दिवशी पहिला पुडा ठेवला. बावीस वर्षं, आत्या. दुकानदार बावळट नव्हता.

मी विचारलं, मग निरोपाला साहेबांना बोलवायचा हट्ट का धरलात? तर काकू म्हणाल्या, "गंमत करायची होती ग. ती कशी सुटते ते बघायचं होतं. साहेबांसाठी रिकामी खुर्ची ठेवणार होतो, तिला हार घालणार होतो, आणि मग हार काढून तुझ्या आत्याच्या गळ्यात घालणार होतो. ती आलीच नाही. आम्हाला वाटलं, आमच्या थट्टेने दुखावली. कोणत्या तोंडाने पत्र लिहायचं? म्हणून या वेळी तो हार तुझ्या गळ्यात घालायचा होता." हे सांगताना त्यांनी अभ्र्याने डोळे पुसले. हॉटेलचा होता. परत धुवायला टाकावा लागला.

मी राजीनामा फाडला. पण साहेबांना खरं सांगायचं ठरवलं. काल, ३१ ला, पाटी लावलेली असतानाच दार ढकलून आत गेले. भाषण पाठ करत होते बिचारे. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: मॅडम नाहीत, कधी नव्हत्या, गुडघासुद्धा माझ्या आत्याचा आहे.

त्यांनी भाषणाचा कागद घडी घालून खणात ठेवला. मग म्हणाले, "मला माहीत होतं. जुलैमध्येच मालकांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्या वर कोणी नाही, तुम्हीच बघा. ताई, ते ऐकून मी जास्त घाबरलो. त्यापेक्षा मॅडम आहेत असं समजणं बरं वाटत होतं."

मग माझा कागद पुढे ओढून म्हणाले, "कायम करू की नको? कोणाला विचारू आता?"

मी काय म्हटलं असेन? "साहेब, तुमचं मत काय?"

सही केली. शिवाय मी मागितलं ते दिलं: ड्रायरकडचं सगळं ड्रायरदादा बघतील, घड्या आणि अभ्रे काकू. माझ्याकडे फक्त जे त्यांना सुटणार नाही ते. त्या नव्या हॉटेलने परत एका दिवसात सहाशे जादा चादरी मागितल्या होत्या, त्यांना साहेबांनी स्वतः फोन करून नाही म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर मला हळूच विचारलं, "ती खोली कोणती? मधूनमधून मी बसलो तर चालेल?"

समारंभ मात्र झाला नाही. फुलं पाण्यात ठेवलीत. सगळ्यांचं मत पडलं, की निरोप घ्यायचा राहिलेली वरची बाई एकच आहे, तिचा गुडघा दुखतो आणि ती अकरा वर्षं उशिरा आहे. कधी येतेस?

पार्सलने डबा पाठवतेय. काकूंनी भरलाय.

तुझी,
भिंगरी


८ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

डबा मिळाला. झाकण उघडताना तोच आवाज आला. सूनबाईला कळेना, बिस्किटं बघून ही बाई रडते का आणि मध्येच हसते का. मी तिलाही दोन दिली.

बावीस वर्षं मला वाटत होतं, त्या इमारतीत मी एकटीच लबाड. काय ही माझी अक्कल! अभ्रीला सांग, तू माझ्याहून बेरकी निघालीस. आणि सांग, मी थट्टेने दुखावले नव्हते. मी घाबरले होते. तिला ते कळेल.

यायचं म्हणतेस. गुडघा आहे, प्रवास आहे, सूनबाई नको म्हणते, मुलगा बघू म्हणतो. इतकी वर्षं झाली, कोणत्या तोंडाने उभी राहू? मला ठरवता येईना. म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं, दोन बिस्किटं खाल्ली आणि शंभर मोजले.

वरून विचारलं, तुमचं मत काय?

शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय. उतरवून घ्यायला ड्रायरदादांना पाठव, उंच माणूस गर्दीत दिसतो. डबा बरोबर आणते. रिकामा आहे.

आत्या